मेलच्या शेजारचा रकाना: कॅलेंडर आणि कामांची यादी जागा का बदलत राहिली

नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात, उच्च न्यायालयाच्या खंडपीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका वकिलांचे कार्यालय आहे आणि तेथील संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. उन्हाळी सुट्टी संपत आली असताना तेथील मेलचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेण्यात आले. सोमवारी सकाळी ज्युनियर वकिलांनी संगणक सुरू केला तेव्हा पडद्याची उजवी कड रिकामी होती. कित्येक वर्षे त्या जागी एक अरुंद रकाना असे: वर महिन्याचे छोटे कॅलेंडर, त्याखाली दिवसाच्या पेश्या, म्हणजे न्यायालयातील सुनावण्या, आणि तळाशी उरलेल्या कामांची यादी. "सर, आजच्या पेश्या गेल्या कुठी?" हा दिवसाचा पहिला प्रश्न होता. पेश्या कुठेही गेल्या नव्हत्या, एकही नोंद पुसली गेली नव्हती, आणि कार्यालयाचे कारकून मुन्शीजी यांच्या टेबलावर कापडी बांधणीची डायरी उघडीच असल्यामुळे कोणतेही प्रकरण चुकले नाही. परंतु मेल वाचता वाचता नजर सहज उजवीकडे टाकून दिवसाचा अंदाज घेणाऱ्या माणसांना तो आठवडा जड गेला. हा रकाना प्रत्येक अपग्रेडमध्येच का हलतो, याचे उत्तर जुन्या इतिहासात आहे.

तो समजून घेण्यासाठी आधी वकिलाची डायरी पाहावी. तिच्यात दोन वेगळ्या प्रकारच्या नोंदी असतात. पहिली पेशी: अमुक तारखेला, अमुक न्यायालयात, अमुक प्रकरण. दुसरी काम: दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो आणि न्यायालयाने परवानगी दिल्यास ती मुदत ९० दिवसांपर्यंत जाते. या जबाबाला शेवटची तारीख आहे, पण तो कोणत्या दिवशी, किती वाजता लिहायचा, हे ठरलेले नाही. पेशी दिवसाच्या चौकटीत बसते. काम अनेक दिवसांवर पसरलेले असते. मुन्शीजी ही अडचण सरळ सोडवतात: पेशी त्या तारखेच्या पानावर, आणि काम पूर्ण होईपर्यंत रोज पुढच्या पानावर नव्याने लिहून. संगणकाला मात्र हे दोन प्रकार शेजारी कसे मांडावेत, याचे उत्तर चार दशकांतही एकमताने मिळालेले नाही. माझ्या मते रकान्याच्या सगळ्या स्थलांतरांचे मूळ येथेच आहे.

मेल आणि कॅलेंडर एकाच छताखाली आणण्याची कल्पना वैयक्तिक संगणकांच्या आधीची, मोठ्या मेनफ्रेम संगणकांच्या काळातली आहे. आयबीएमने १९८१ साली आणलेल्या 'प्रॉफ्स' या कार्यालयीन प्रणालीत मेल पाहणे, टिपणे पाठवणे आणि वेळापत्रक सांभाळणे ही कामे एकाच मेनूतून, फंक्शन कळांनी होत असत. तिच्या मुख्य पडद्यावर उजवीकडे चालू महिन्याचे छोटे कॅलेंडर अक्षरांच्या ओळींत छापलेले दिसे. माउस नव्हता, खिडक्या नव्हत्या, तरी महिना उजव्या कडेला होता, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

वैयक्तिक संगणकावर सुरुवातीला ही एकत्र व्यवस्था मोडली. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणलेले 'शेड्यूल प्लस' हे वेळापत्रकाचे सॉफ्टवेअर मेलच्या जोडीने चाले, पण ते वेगळे होते. १९९७ च्या आरंभी ऑफिस ९७ बरोबर आउटलुक आले आणि मेल, कॅलेंडर, पत्ते, टास्क, टिपणे हे सारे एका खिडकीत बसले. त्या काळी कामांची यादी मेलच्या नव्हे, तर कॅलेंडरच्या शेजारी होती: दिवसाचे पान उघडले की बाजूला 'टास्कपॅड' नावाची पट्टी दिसे. म्हणजे काम हे वेळापत्रकाचे भावंड मानले गेले होते. काम बहुतेक वेळा मेलमधून जन्माला येते, हे पुढील दहा वर्षांत इनबॉक्सच्या भाराने शिकवले.

दरम्यान एक महत्त्वाचे पाऊल पडले, ज्याचा परिणाम आजही प्रत्येक अपग्रेडमध्ये भोगावा लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॅलेंडरांना एकमेकांची नोंद वाचता यावी म्हणून नोव्हेंबर १९९८ मध्ये 'आयकॅलेंडर' हे मानक इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या 'आरएफसी' मालिकेत २४४५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. त्याचे संपादन लोटसचे फ्रँक डॉसन आणि मायक्रोसॉफ्टचे डेरिक स्टेनरसन या दोघांनी केले, म्हणजे बाजारात एकमेकांशी झुंजणाऱ्या दोन कंपन्यांची माणसे एका कागदावर आली. या मानकाने नोंदींची नावे स्पष्टपणे वेगळी केली: घटनेसाठी 'व्हीईव्हेंट', कामासाठी 'व्हीटूडू'. कामाच्या नोंदीत मुदत, प्राधान्य, किती टक्के झाले आणि सध्याची स्थिती हे सारे लिहिण्याची सोय होती. सुरुवातीची वेळ मात्र सक्तीची नव्हती. वकिलाच्या डायरीतला भेद तंत्राच्या भाषेत इतक्या नेमकेपणाने क्वचितच उतरला असेल. सप्टेंबर २००९ मध्ये आरएफसी ५५४५ ने या मानकाची सुधारित आवृत्ती दिली, आणि त्याआधी मार्च २००७ मध्ये 'कॅलडॅव्ह'ने या नोंदी सर्व्हरवर ठेवून अनेक यंत्रांवर जुळत्या ठेवण्याचा मार्ग घालून दिला होता. घटनेची बाजू जवळजवळ सर्वांनी पाळली. कामाची बाजू पाळणे मात्र प्रत्येकाच्या मर्जीवर राहिले. गूगल कॅलेंडरच्या कॅलडॅव्ह सेवेत 'व्हीटूडू'ला स्थान नाही, आणि गूगल टास्क्सच्या प्रोग्रॅमिंग जोडणीतून कामाची मुदत पाठवली तर तारीख राहते, वेळ गळून पडते. दुसऱ्या प्रणालीकडे जाताना पेश्या नीट येतात आणि कामेच अर्धवट येतात, या नेहमीच्या तक्रारीमागे हे कारण असते.

आउटलुक २००७ मधील 'टू-डू बार' हा या इतिहासातला सर्वांत सुखाचा टप्पा होय. महिना, पुढच्या भेटी आणि कामांची यादी हे तिन्ही मेलच्या उजवीकडे एका रकान्यात आले. शिवाय, ज्या मेलला झेंडी लावली तो मेल आपोआप त्या यादीत दिसू लागला. समोरच्या पक्षाकडून आलेल्या मेलला उत्तर द्यायचे आहे, तर ते वेगळे लिहून ठेवण्याची गरज उरली नाही. ज्यांनी हा रकाना पाच-सहा वर्षे वापरला, त्यांच्या हाताला आणि डोळ्यांना त्याची सवय अशी जडली की ती आजही सुटलेली नाही. पुढे आउटलुक २०१३ मध्ये हा बार मुळात बंद ठेवलेला येऊ लागला आणि कॅलेंडर, माणसे, टास्क असे त्याचे सुटे तुकडे झाले. हवा तो तुकडा 'व्ह्यू' मेनूतून लावून घ्यायचा. काहीच लावले नाही तर नावावर माउस नेल्यावर क्षणभर डोकावणारी छोटी खिडकी मिळे. पडदा मोकळा झाला हे खरे. पण सतत समोर असलेली गोष्ट आणि बोलावल्यावर येणारी गोष्ट यांत कामाच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे, आणि तो फरक त्या वेळी कमी लेखला गेला असे मला वाटते.

मोझिलाच्या थंडरबर्ड या मोफत मेल सॉफ्टवेअरची वाट निराळी होती. ७ डिसेंबर २००४ रोजी त्याची १.० ही आवृत्ती आली तेव्हा त्यात कॅलेंडर नव्हतेच. मोझिलाच्या कॅलेंडर प्रकल्पातून 'सनबर्ड' हे स्वतंत्र सॉफ्टवेअर आणि 'लाइटनिंग' हे थंडरबर्डला जोडायचे पूरक अशा दोन शाखा निघाल्या. सनबर्डचे काम २०१० मध्ये थांबले आणि लाइटनिंग टिकले. त्या पूरकामुळे मेलच्या उजवीकडे 'टुडे पेन' हा रकाना मिळाला. मात्र थंडरबर्डची आणि लाइटनिंगची आवृत्ती जुळणे आवश्यक होते. एक पुढे गेले आणि दुसरे मागे राहिले की पूरक बंद पडे आणि रकाना नाहीसा होई. म्हणून २०१५ च्या ३८ व्या आवृत्तीपासून लाइटनिंग सोबतच देण्यात येऊ लागले, आणि २०२० च्या ७८ व्या आवृत्तीत, जुन्या पद्धतीच्या पूरकांचा आधार काढून घेतला जात असताना, कॅलेंडर आणि टास्क थेट मूळ सॉफ्टवेअरचाच भाग झाले.

त्यानंतर २०२२ हे वर्ष येते. थंडरबर्डच्या १०२ व्या आवृत्तीने डाव्या कडेला चिन्हांची उभी पट्टी आणली. त्याच वर्षी विंडोजवरच्या आउटलुकमध्ये मेल, कॅलेंडर, टास्क यांची बटणे तळातून उठून डाव्या कडेला उभी राहिली, आणि जीमेलनेही डावीकडे तशीच पट्टी लावली. उजवीकडे कॅलेंडर आणि टास्कची पट्टी त्याने २०१८ मध्येच दिली होती. पडदे रुंद झाल्यामुळे मोकळी जागा वर-खाली न उरता दोन्ही बाजूंना उरू लागली, हे यामागचे साधे कारण दिसते. जुलै २०२३ मध्ये थंडरबर्डच्या ११५ व्या आवृत्तीने मुख्य खिडकीची मांडणीच नव्याने केली.

विंडोजच्या नव्या आउटलुकमध्ये, जे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, उजवीकडचा रकाना 'माय डे' या नावाने परतला आहे. त्यात कॅलेंडर आहे आणि कामांसाठी 'टू डू' आहे. हे 'टू डू' जुन्या आउटलुकच्या टास्कमधून वाढलेले नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये 'वुंडरलिस्ट' बनवणारी बर्लिनची कंपनी घेतली, २०१७ मध्ये 'टू डू' जाहीर केले आणि मे २०२० मध्ये वुंडरलिस्ट बंद केले. घरगुती यादीसाठी घडलेल्या या साधनात कामाची सुरुवातीची तारीख, किती टक्के झाले, काम चालू आहे की पुढे ढकलले आहे, असे जुने रकाने नाहीत. वकिलांच्या कार्यालयात 'पुढे ढकलले' ही स्थिती रोज लागते, त्यामुळे ही उणीव लहान मानता येत नाही.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या कार्यालयात शेवटी दोन दिवस बसून मांडणी लावली. प्रत्येक यंत्रावर 'व्ह्यू' मेनूतून रकाना पुन्हा उजवीकडे आणला, कारण ही निवड प्रत्येक संगणकावर वेगळी करावी लागत होती. जुन्या टास्कमधील 'पुढे ढकलले' अशा नोंदी एकेक उघडून त्यांच्या शीर्षकाच्या आरंभी तो शब्द मराठीत लिहिला, म्हणजे पुढच्या आवृत्तीत स्थितीचा रकाना राहो न राहो, शब्द राहील. लेखी जबाबासारख्या मुदतींसाठी काम आणि कॅलेंडर अशा दोन्ही ठिकाणी नोंद ठेवली: कामात ३० वा दिवस, आणि कॅलेंडरमध्ये त्याच्या आठवडाभर आधीचा एक संपूर्ण दिवस. मुन्शीजींनी हे सगळे शांतपणे पाहिले, चष्मा पुसला आणि त्या दिवशीची उरलेली कामे नेहमीप्रमाणे डायरीच्या उद्याच्या पानावर उतरवून घेतली.