डिजिटल छायाचित्रसंग्रह : मांडणी व बॅकअप

डिजिटल छायाचित्रांच्या फाइली हव्या तेव्हा सापडतील अशा लावणे आणि उपकरण बिघडले, हरवले वा फाइली चुकून पुसल्या गेल्या तरी त्या परत मिळतील अशा प्रती राखणे, ही दोन कामे या नोंदीत एकत्र विचारात घेतली आहेत. फोल्डर करणे, अल्बम बनवणे सर्वपरिचित आहे. घोटाळे होतात ते बहुधा तारखेत, नावांत आणि प्रतींच्या स्वरूपात.

तारीख : कालक्रम हाच मांडणीचा सर्वांत टिकाऊ आधार होय. मात्र संगणकाच्या फाइलयादीत दिसणारी तारीख त्यासाठी भरवशाची नाही. कॉपी करताना किंवा डाउनलोड करताना ती बदलू शकते. कॅमेऱ्याने टिपलेली वेळ फाइलच्या आत ‘एक्झिफ’ नोंदीत असते. हे प्रमाण जपानी उद्योगसंघटना जेईडाने १९९५ च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्यात कालविभाग (टाइम झोन) नोंदवण्याची सोय २०१६ च्या २.३१ आवृत्तीपर्यंत नव्हती, म्हणून परदेशप्रवासातले जुने फोटो काही तास पुढेमागे पडतात. जीपीएसची वेळ मात्र जागतिक प्रमाणवेळेत असल्याने तिच्याशी ताडून फरक काढता येतो. घड्याळ चुकलेले असेल तर अचूक घड्याळाचा एक फोटो त्याच कॅमेऱ्याने काढावा; दिसणारी वेळ आणि नोंदलेली वेळ यांतला फरक त्या काळातल्या सर्व फोटोंना एकदम लावावा. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंवर स्कॅनची तारीख पडते. ती हातानेच सुधारावी लागते. संदेशांच्या ॲपवरून फोटो म्हणून पाठवलेल्या प्रतींतून ही नोंद बहुधा गळते, म्हणून मूळ फाइलच मागून घ्यावी.

नावे : कॅमेऱ्याच्या फाइलनावात चार अक्षरे व चार अंक असतात. ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते. अशा दोन वेगळ्या फोटोंचे नाव एकच होते आणि एका फोल्डरमध्ये टाकताना ‘रिप्लेस’ दाबले की जुना फोटो जातो. यावर उपाय म्हणजे वर्ष-महिना-दिवस, मग वेळ, शेवटी मूळ क्रमांक, उदा. २०२३-०८-१५_१४३०५२_०४१७. वर्ष आधी असल्याने नावांचा क्रम तोच कालक्रम होतो. एका सेकंदात काढलेले अनेक फोटो मूळ क्रमांकामुळे वेगळे राहतात.

देवनागरी नावे चालतात, पण एक मेख आहे. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘र’ अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन रूपांत साठवता येतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइली साठवण्याची प्रणाली दुसरे रूप वापरते. त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारी दोन फोल्डरे दुसऱ्या संगणकावर निरनिराळी ठरू शकतात.

खुणा : नावे, ठिकाणे, तारांकन हे कुठे साठते ते पाहणे महत्त्वाचे. काही प्रणाली ते फक्त स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतात. प्रणाली सोडली की वर्षांची मेहनत मागे राहते. ॲडोबीने २००१ मध्ये आणलेल्या एक्सएमपी पद्धतीत खुणा फाइलमध्ये किंवा शेजारच्या जोडफाइलमध्ये लिहिल्या जातात. रॉ फोटो (कॅमेऱ्याच्या संवेदकाची कच्ची नोंद असलेली फाइल) हलवताना ही जोडफाइल मागे राहणे हा नेहमीचा अपघात.

प्रती : ‘३-२-१’ नियम म्हणजे एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. त्याचे श्रेय बहुधा अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांना दिले जाते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील त्यांच्या लेखनातून तो रूढ झाला. अमेरिकेच्या यूएस-सर्ट या संगणकसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये त्याची शिफारस केली. संगणककेंद्रांत चुंबकीय फितींच्या प्रती दुसऱ्या इमारतीत ठेवण्याची चाल त्याहून जुनी असल्याने, क्रोग यांनी चालत्या व्यवहाराला लक्षात राहील असे सूत्र दिले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘दोन माध्यमे’ याचा अर्थ पूर्वी डिस्क व ऑप्टिकल तबकडी असा घेत; आता एकाच कारणाने दोन्ही प्रती एकदम जाऊ नयेत, हा अर्थ घेणे बरे.

रेड, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेला एकत्र साठा, हा बॅकअप नव्हे. एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहावे एवढ्यासाठी तो असतो आणि पुसलेली फाइल तिथे सर्वत्र पुसली जाते. सिंकचे, म्हणजे सर्व उपकरणांवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवण्याचेही तेच : फोनवर पुसले की क्लाउडवरही पुसले जाते, आणि कचरापेटीची मुदत संपली की परत मिळत नाही. म्हणून एक प्रत जोडणी तोडून ठेवावी. त्यासाठी दीर्घकाळ वीज न मिळालेल्या एसएसडीपेक्षा (चिपवर साठवणाऱ्या डिस्कपेक्षा) हार्ड डिस्क बरी, कारण एसएसडीतील विद्युत्भार हळूहळू ओसरतो.

कार्ड रिकामे करताना क्रम पाळावा : दोन ठिकाणी कॉपी, प्रत्येक फाइलची चेकसमने, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखसंख्येने (उदा. एसएचए-२५६) पडताळणी, आणि मगच कॅमेऱ्यातून फॉरमॅट. चेकसमची यादी जपून ठेवल्यास पुढे साठ्यात आपोआप बिघडलेली फाइलही ओळखता येते. मात्र फाइलच्या आत खुणा लिहिल्या की चेकसम बदलतो, त्यामुळे यादी नव्याने करावी लागते. दुबार फोटो शोधतानाही हीच अडचण येते. चित्र तेच पण खूण वेगळी असेल, तर चेकसमला ते दोन फोटो वाटतात. दुबार फाइली पुसण्याआधी पूर्ण बॅकअप घ्यावा, आणि त्यातले एखादे फोल्डर दुसऱ्या संगणकावर उतरवून फोटो खरोखर उघडतात का ते पाहावे.