काळं ते सगळं कार्बन नसते बाप्पा

परवा बाबांच्या शुगरच्या पट्टीवरून पारावर वाद झाला, एक जण म्हणे त्यातली काळी रेघ म्हणजे करंट वाहणारं प्लास्टिक, दुसरा म्हणे नाही न भाऊ, साधं कार्बन आहे ते. दुसऱ्याचं बरोबर होतं, ती रेघ बहुतेक वेळा कार्बनची शाई असते, स्क्रीन प्रिंटिंगनं छापलेली. पण पहिला म्हणत होता तसं प्लास्टिक पण खरंच असते, फक्त ते वेगळं.

लहानपणी संपलेला सेल गोट्यानं फोडून मधातली काळी कांडी काढली असेल ना, ते कार्बन. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट, ग्राफीन, कार्बन नॅनोट्यूब, सगळे त्याच खानदानातले, अणूंची जाळी अन् तिच्यावर मोकाट फिरणारे इलेक्ट्रॉन. कंडक्टिंग पॉलिमर म्हणजे प्लास्टिकसारखीच लांब साखळी, पण तिच्यात एकेरी-दुहेरी बंध आलटून पालटून असतात, अन् त्यातून थोडे इलेक्ट्रॉन काढून घेतले की ती साखळीच करंट वाहते. 1977 साली शिराकावा, मॅकडायर्मिड अन् हीगर यांनी पॉलिअॅसिटिलीन नावाच्या अशाच साखळीला आयोडीनची वाफ देऊन हे दाखवलं, 2000 साली तिघांना केमिस्ट्रीचं नोबेल भेटलं.

अन् साध्या प्लास्टिकात कार्बनची पूड कालवली तर तेही करंट वाहते, पण त्याला कंडक्टिंग पॉलिमर म्हणू नका, तिथं वाहते ते कार्बन, प्लास्टिक नुसतं धरून ठेवते. लय लोक इथंच घसरतात.

खरा फरक दिसतो अंगाला लागल्यावर. तारेत इलेक्ट्रॉन धावतात, अंगात मात्र करंट म्हणजे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइडचे आयन, म्हणजे विजेचा भार असलेले अणू, मे महिन्यात वखरणी करून आलं की बनियनवर पांढरे चट्टे पडतात ना, त्याच मिठाचे. कार्बनवर हे आयन वरच्यावर येऊन टेकतात, पण पेडॉट नावाचं पॉलिमर पाण्यानं फुगते अन् आयन पार त्याच्या पोटात शिरतात, म्हणून अख्ख्या जाडीतून देवाणघेवाण होते. मेंदूत बसवायच्या बारीक इलेक्ट्रोडवर (सिग्नल टिपणाऱ्या टोकावर) पेडॉटचा थर याच्यासाठीच देतात, अडथळा कमी होतो अन् बारीकसा सिग्नल पण गोंगाटात हरवत नाही.

मग कार्बन कायले पाहिजे? तर टिकते म्हणून. पॉलिमर फुगून फुगून निघून येते, व्होल्टेज जास्त झालं की कायमचं बिघडते. पॉलिअॅनिलीन नावाचं पॉलिमर आम्लात हिरवं अन् मस्त वाहते, पण रक्ताच्या 7.4 पीएचले (पीएच म्हणजे आम्लपणाचं माप) थंड पडते, आता हीच खोड घामाचा पीएच मोजायले कामी येते ते सोडा. मेंदूतलं डोपामाइन नावाचं केमिकल मोजायले कार्बनचा धागा वापरतात, 7 मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा.

घामातलं सोडियम मोजणाऱ्या पॅचमध्ये तर कधी कधी दोघंही असतात, खाली कार्बनची शाई, त्यावर पेडॉट, अन् वर फक्त सोडियमले ओळखणारा पडदा.

बाबांच्या पट्टीले मात्र पेडॉटची गरजच नाही. तिथं एन्झाइम ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढते, मधातलं एक केमिकल ते कार्बनपर्यंत आणून सोडते, अन् थेंबभर रक्त घेतलं की काही सेकंदात आकडा येऊन पट्टी कचऱ्यात. फुगली का निघाली, पाहते कोण, स्वस्तात छापली गेली म्हणजे झालं.