देवाचा वाटा (इंदूर)

देवाचा वाटा : घरात आलेला पैसा, धान्य आणि शिजलेले अन्न यांचा पहिला भाग कोणी वापरण्याआधी देवासाठी काढून ठेवण्याची प्रथा. वाटा किती असावा याला ठरलेले माप नाही. तो आधी निघाला पाहिजे, एवढीच अट. जेवणे उरकल्यावर उरलेल्यातून काढले तर ते दान होईल, वाटा नव्हे.

इंदुरात या प्रथेला होळकरांच्या कारभाराची पार्श्वभूमी आहे. 1734 मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांना खासगी जहागीर मिळाली. राज्याची दौलत आणि खासगीचे उत्पन्न वेगळे राहिले, आणि अहिल्याबाईंनी (कारकीर्द 1767–1795) घाट, मंदिरे, अन्नछत्रे यांचा खर्च मुख्यतः खासगीतून केला. त्यांनी खजिन्यावर तुळशीपत्र ठेवले, असे परंपरा सांगते. होळकरांचे हुकूम ‘श्रीशंकर’ या नावाने निघत. राज्य शिवाचे, आपण त्याचे कारभारी, अशी ती भूमिका. एखाद्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवणे म्हणजे तिच्यावरचा आपला हक्क सोडणे. नैवेद्याच्या ताटावर ठेवतात ते पान याच अर्थाचे.

नैवेद्याचा स्वयंपाक आंघोळ करून, चव न पाहता करतात. त्यामुळे मीठ अंदाजाने पडते. एक वाटी तूरडाळीच्या वरणाला सपाट चहाचा चमचाभर मीठ पुरते; शंका आली तर कमीच घालावे, कारण कमी पडलेले जेवताना वरून घेता येते. देवापुढे उजव्या हाताने पाण्याचे चौकोनी मंडल काढून त्यावर ताट ठेवतात. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये वरणभाताची मूद आणि सर्वांत शेवटी त्यावर तूप. बऱ्याच घरांत या पानात मीठ वाढत नाहीत. तुळशीपत्र पाण्यात बुडवून ताटाभोवती पाणी फिरवतात आणि ‘प्राणाय स्वाहा’पासून ‘ब्रह्मणे स्वाहा’पर्यंत सहा वेळा देवाकडे हात करून घास दाखवतात. मध्ये पिण्याचे पाणी, शेवटी हात-तोंड धुण्याचे पाणी आणि हाताला चंदन. घरी आलेल्या पाहुण्याला जेवू घालावे तसाच हा क्रम. नंतर ते पान घरातले कोणीतरी प्रसाद म्हणून जेवते.

चुका बहुधा भांड्यांत होतात. कल्हई उडालेल्या पितळी वाटीत कोशिंबीर किंवा ताक ठेवले की ते कळकते, हिरवट दिसते आणि खाण्यालायक राहत नाही. आंबट पदार्थ चांदीच्या, स्टीलच्या किंवा कल्हईच्या वाटीतच वाढावेत. गणपतीला एरवी तुळस वाहत नाहीत, तिथे दूर्वा. स्वयंपाकाला उशीर होणार असेल तर वाटीभर दूध-साखरेवर नैवेद्य होतो. सकाळी नाक्यावरून आणलेले पोहे-जिलबी मात्र सोवळे पाळणाऱ्या घरात देवाला चालत नाहीत. पूजा होईपर्यंत पुडी ओट्यावर बंद राहते आणि पोह्यांवरची शेव तोवर मऊ पडते. अस्सल इंदुरी माणसाला नियमातला हाच भाग जड जातो.

लग्नाची पहिली पत्रिका देवाला देण्याची रीत शहरात मराठी-हिंदी असा भेद न करता पाळली जाते, आणि ती पत्रिका बहुतेकदा खजराना गणपतीपुढे जाते. मराठी घरे तिच्याबरोबर कुलदैवतासाठी अक्षता आणि एक पत्रिका वेगळी ठेवतात. होळकरांचे कुलदैवत मल्हारी मार्तंड असून त्याचे मंदिर राजवाड्यात आहे.

पैशाचा वाटा पूर्वी पगाराचे पाकीट देवापुढे ठेवून त्यातूनच काढत. पगार थेट बँकेत जमा होऊ लागल्यावर हे मागे पडले. आता काही घरांत ठरलेली रक्कम महिन्याच्या पहिल्या खर्चाआधी रोख काढून देवघरातल्या डब्यात टाकतात. नवसाचे पैसे यात मिसळत नाहीत, ते निराळ्या पुरचुंडीत. डब्यातून भाजीला किंवा दूधवाल्याला ‘उसने’ म्हणून काढलेले पैसे सहसा परत पडत नाहीत. म्हणून कुलदैवताच्या दर्शनाला जाताना, किंवा वर्षातून एका ठरलेल्या दिवशी, डबा पूर्ण रिकामा करतात.