किटसोबत गोंद का मिळत नाही? फोम ग्लायडर जोडण्यापूर्वी वाचायचे पत्रक

मे महिन्याची सुट्टी लागली किंवा चवथ जवळ आली की आमच्या म्हापशाच्या दुकानातून रिमोटवर उडणाऱ्या इलेक्ट्रिक ग्लायडरची किट भराभर जातात, आणि काउंटरवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. पंख आहेत, शेपूट आहे, मोटर, सर्व्हो (पंखांचे आणि शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी), स्क्रू सगळे आहे; मग गोंद कुठे आहे? गोंद आम्ही मुद्दाम बाजूला ठेवतो. सर्व्हो मध्यावर, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखे फिरतील अशा जागी, आणून झाले की त्याच किमतीत तो तुमच्या हातात देतो. काहींना हा हट्ट वाटतो. काणकोणहून आलेल्या माणसाने गोंदासाठी पुन्हा म्हापशाला यायचे का, असेही विचारले जाते. यायला नको. विकत घेतानाच अर्धा तास थांबा, आपण इथल्या टेबलावर सर्व्हो मध्यावर आणू आणि गोंद घेऊनच तुम्ही जाल. घरी करायचे असेल तर मोबाइलवर व्हिडिओ पाठवा, गोंद कुरियरने येईल.

हे एवढे का, तर दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक ग्लायडरची गोष्ट एकच असते. बॉक्स उघडला, फोमचे दोन अर्धे एकमेकांत छान बसले, हुरूप आला आणि रात्रीत सगळे चिकटवून टाकले. सर्व्हो पोटात बंद, पुशरॉड (सर्व्होची हालचाल शेपटीपर्यंत नेणारी तार) नळीत, शेपूट पक्की. दुसऱ्या दिवशी बॅटरी लावली आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती पट्टी) सरळ वर उभा राहिला.

सर्व्हो बिघडलेला नसतो. पॅकिंगमध्ये, प्रवासात किंवा आर्म (सर्व्होच्या शाफ्टवर बसणारा, पुशरॉड ओढणारा दांडा) हाताने फिरवून पाहताना त्याचे दाते कुठेही थांबलेले असतात. वीज मिळाली की तो रिसीव्हरचे (रिमोटचा म्हणजे ट्रान्समीटरचा सिग्नल घेणाऱ्या डबीचे) ऐकतो आणि आपल्या खऱ्या मध्यावर जातो. आर्म आधीच स्क्रूने घट्ट केलेला असेल तर तोही सोबत फिरतो आणि पुशरॉडला ओढून नेतो. मग ग्राहक रिमोटवरचे ट्रिमचे (मध्य थोडा सरकवण्याचे) बटण दाबत दाबत एलिव्हेटर कसाबसा सपाट करतो. दिसायला सपाट, पण एका बाजूची हालचाल जवळजवळ संपलेली असते. हातातून सोडल्यावर नाक वर गेले तर खाली आणायला स्टिकमध्ये काही उरत नाही. ग्लायडर वर चढतो, वेग संपतो, आणि तो नाकावर पडतो. दुसरा प्रकार म्हणजे आर्म किंवा पुशरॉड कुठेतरी अडकून राहतो, सर्व्हो घूं घूं करत तापत राहतो आणि शेवटी जळतो.

यावर उपाय एकच, पोट पुन्हा उघडणे. चिकटलेला ईपीओ फोम सांध्यावर सुटत नाही, सांध्याच्या शेजारून फाटतो. ब्लेडने कापा, सर्व्हो काढा, भेगा भरा, सरळ रेषेत पुन्हा बसवा. यात आमचा दिवस जातो, तुमचे पैसे जातात आणि ग्लायडरचे वजन वाढते. म्हणूनच चिकटवलेले किट आम्ही परत घेत नाही.

टेबलावरचा अर्धा तास

प्रॉप (पुढचा पंखा) मोटरवर लावायचाच नाही. हे सगळ्यात आधी, कारण टेबलावर अचानक सुरू झालेली मोटर बोटांना सोडत नाही.

रिसीव्हर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) आणि सगळे सर्व्हो टेबलावर सुटे जोडा. ट्रान्समीटरमध्ये नवीन मॉडेल मेमरी घ्या. जुन्या विमानाची मेमरी तशीच वापरली तर त्यातले सब-ट्रिम (मेनूतून केलेले मध्याचे बदल) चोरपावलांनी सोबत येतात आणि तुम्ही ज्याला मध्य समजता तो मध्य नसतो. ट्रिम शून्यावर आणा. आधी ट्रान्समीटर चालू करा, मग बॅटरी लावा. सर्व्हो हलून थांबले की ते मध्यावर आले. वीज चालू असतानाच आर्म बसवायचा, पुशरॉडशी काटकोनात.

इथे बरेच जण अडतात, कारण आर्म नेमका काटकोनात बसत नाही. आमच्याकडच्या ९ ग्रॅम सर्व्होच्या शाफ्टला २१ दाते आहेत, म्हणजे एक दात सरकवला की आर्म सतरा अंशांनी फिरतो. जोर लावून काही होणार नाही. पाकिटात चार पायांचा आर्म असतो तो घ्या. २१ ला चारने भाग जात नाही, त्यामुळे प्रत्येक पाय दात्यांवर थोडा वेगळा बसतो. चारही पाय फिरवून पाहा, एखादा काटकोनाच्या अगदी जवळ येतो. तो ठेवा, बाकीचे कापून टाका. उरलेला एखादा अंश सब-ट्रिमने काढा.

एलेरॉनसाठी (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांसाठी) हे आणखी महत्त्वाचे आहे. दोन्ही पंखांतले सर्व्हो वाय-केबलने एकाच चॅनेलवर जोडले असतील तर सब-ट्रिम दोघांनाही हलवतो. एक सुधारायला गेलात की दुसरा बिघडतो. तिथे आर्म आणि क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची, लांबी जुळवणारी चिमटी) यांनीच काम भागवावे लागते. म्हणून ग्लायडर घेणाऱ्याला आम्ही चारऐवजी सहा चॅनेलचा रिसीव्हर सुचवतो. थोडे पैसे जास्त जातात, पण दोन एलेरॉन वेगवेगळे जुळवता येतात आणि उतरताना दोन्ही वर उचलून ब्रेकसारखे वापरता येतात.

आता दिशा, ग्लायडरच्या मागे उभे राहून. स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलेरॉन वर. एलिव्हेटरची स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर. रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) स्टिकच्याच बाजूला. उलटे असेल तर चॅनेल रिव्हर्स करा. मोटर उलटी फिरत असेल तर तिच्या तीन वायरींपैकी कोणत्याही दोन अदलाबदल करा. ईएससीचा ब्रेक चालू आहे ना तेही पाहा. तो बंद असेल तर थ्रॉटल कमी केल्यावरही घडी होणारा प्रॉप वाऱ्याने फिरत राहतो, मिटत नाही, आणि उतरताना पाती मोडतात.

एवढे झाले की व्हिडिओ काढा आणि पाठवा.

गोंद आणि तोल

आम्ही देतो तो सीए गोंद (फेविक्विकच्या जातीचा) फोमला चालणारा आहे. ईपीओवर फेविक्विकही धरते, पण थर्माकोलला ते वितळवते आणि स्वस्त किटमध्ये काही भाग थर्माकोलचे असतात. सीए हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून आपल्याकडे पावसाळ्यात उघडी बाटली लवकर दगड होते. सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवा. शेपटीला गोंद बेताने लावा. शेपटीतल्या एका ग्रॅमसाठी नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात.

किटच्या कागदावर तोलाचा बिंदू पंखाच्या पुढच्या कडेपासून मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. बॅटरी जागेवर ठेवून, दोन बोटांवर पंख पेलून पाहा. नाक किंचित खाली झुकले तर चालेल, शेपूट खाली झुकता कामा नये. आधी बॅटरी पुढेमागे सरकवा, वजन नंतर. रिसीव्हरच्या अँटेना पंखातल्या कार्बन नळीपासून दूर आणि एकमेकींशी काटकोनात ठेवा, कार्बन सिग्नल अडवतो.

कुठे आणि केव्हा उडवावे

सकाळी. दुपारनंतर समुद्रावरून वारा जोर धरतो आणि हलका फोम शिकणाऱ्याच्या हातात राहत नाही. कापणी झालेली शेते आणि मोकळे सडे (कातळाची पठारे) सर्वांत चांगले, माडांच्या रांगेपासून लांब. घार पंख न हलवता गोल फिरत वर जाताना दिसली तर मोटर बंद करून तिकडे वळा, तिथे गरम हवा वर चढत असते. किनारा टाळा. खारी हवा बेअरिंग खाते आणि वाळूतले काळे कण मोटरच्या चुंबकांना चिकटतात.

२०२१ चे ड्रोन नियम रेडिओवर उडणाऱ्या मॉडेललाही लागू आहेत. दाबोळीला नौदलाचा तळ आणि विमानतळ, मोपाहून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे. आपल्या छोट्या राज्यात दोन्हीकडून हवाई हद्द लागते. सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोन संकेतस्थळाच्या नकाशावर तुमची जागा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे पाहिल्याशिवाय जाऊ नका.

उन्हात बंद गाडीत ग्लायडर ठेवू नका, पंख वाकतो. लायपो बॅटरीही तिथे ठेवू नका. तीन सेलची बॅटरी भरल्यावर १२.६ व्होल्ट दाखवते. आठवडाभर उडवणार नसाल तर चार्जरवर स्टोरेज निवडून प्रत्येक सेल ३.८ च्या आसपास आणून ठेवा.

ऑनलाइन किट थोडे स्वस्त मिळते, हे आम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे त्याच किटची सुटी शेपूट, प्रॉपची पाती, स्पिनर आणि कॅनोपी असते, आणि किट कुठूनही घेतलेले असो, चिकटवण्याआधी आणलेत तर तपासणीचे पैसे घेत नाही. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीमुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, तेवढा दिवस सोडून या. येताना ट्रान्समीटर, चार्ज केलेली बॅटरी आणि सर्व्होचे सगळे सुटे आर्म आणा.