ठाणे-नवी मुंबईत 'मिलिटरी' कधी येते? – पार्श्वभूमी

बेलापूरला मोठा मोर्चा निघाला किंवा भिवंडीत तणाव वाढला की 'मिलिटरी उतरवली' असा निरोप फोनवर फिरू लागतो. बहुतेक वेळा ती मिलिटरी नसतेच. निळ्या छटांचा गणवेश दिसला तर ते शीघ्र कृती दल, म्हणजे आरएएफ. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या या शाखेची 102 वी बटालियन तळोज्यालाच आहे. त्याखेरीज दिसतात ते बहुधा राज्य राखीव पोलीस दलाचे, आपल्या बोलण्यातले एसआरपीवाले. खरं लष्कर रस्त्यावर येणं ही फार क्वचितची घटना आहे.

कायद्याचा सांगाडा इंग्रजी अमदानीतला. 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतली कलमं थोड्या फेरफाराने 1973 च्या संहितेत 129 ते 132 म्हणून आली, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 148 ते 151 झाली. क्रम तोच राहिला. आधी पांगण्याचा हुकूम, मग पोलीस बळ. तेवढ्याने जमाव हटत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी तो हटवणं भागच असेल, तरच सशस्त्र दल. लष्कराला बोलवायचं की नाही हे दंडाधिकारी ठरवतो. काम कसं करायचं हे लष्करी अधिकारी ठरवतो, पण बळ आणि इजा कमीत कमी असावी या अटीवर. धोका उघड आहे आणि दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नाही, अशा वेळी कमिशन्ड अधिकारी स्वतःहून कारवाई करू शकतो. संपर्क झाला की मात्र ती पुढे चालू ठेवायची का, हे पुन्हा दंडाधिकाऱ्याच्या हाती. आणखी एक बारकावा: या कलमांत 'सशस्त्र दल' म्हणजे फक्त सेना, नौदल, हवाई दल नव्हे. जमिनीवर काम करणारी केंद्राची इतर सशस्त्र दलंही त्यात धरली आहेत.

याला लष्करी कायदा म्हणू नये. तो सोलापूरने मे 1930 मध्ये भोगला, तेव्हा शहराचा कारभारच लष्कराच्या ताब्यात गेला होता. मुलकी प्रशासनाला मदत म्हणून आलेलं लष्कर कारभार हाती घेत नाही. पकडलेला माणूस पोलिसांकडे सोपवायचा आणि काम झालं की छावणीत परतायचं. 1958 चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदाही इथे लागत नाही. त्यासाठी प्रदेश 'अशांत' जाहीर व्हावा लागतो.

प्रत्यक्षात लष्कर बोलावण्याचं मागणीपत्र लेखी द्यायचं असतं. घाईत तोंडी किंवा फोनवर दिलं तर मागाहून कागद पोचवायचा. तुकडीसोबत दंडाधिकारी आणि गल्लीबोळ माहीत असलेला पोलीस हवा. स्थानिक भाषेतला इशाऱ्याचा फलक, ध्वनिक्षेपक, कॅमेरा, वैद्यकीय मदत ही तयारी आधीची. गोळीबाराची वेळ आलीच तर आधी स्पष्ट इशारा, मग नाव घेऊन ठरावीक जवानाला ठरावीक गोळ्यांचा हुकूम. नेम कमरेखाली, हवेत गोळीबार करायचा नाही, कारण ती गोळी दूरच्या गच्चीवरच्या कुणाला तरी लागते. थांबल्यावर काडतुसांचा हिशेब आणि जखमींची व्यवस्था. 13 एप्रिल 1919 ला अमृतसरमध्ये इशारा न देता 1,650 गोळ्या झाडल्या गेल्या. आजचे नियम त्याच्या नेमके उलटे आहेत.

आपल्या भागाचा इतिहास 1984 या एका वर्षात सापडतो. जानेवारीत न्हावा-शेवा बंदरासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 जानेवारीला जासई-दास्तान आणि नवघर परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. तो गोळीबार पोलिसांचा होता. चार महिन्यांनी, मे महिन्यात, भिवंडीत दंगल पेटली आणि ठाणे-मुंबईपर्यंत पसरली. अडीचशेहून अधिक माणसं गेली. तिथे मात्र लष्कर बोलावलं. आमच्या मते हा फरक योगायोगाचा नाही. दंगलीत दोन जमावांमध्ये उभं राहणारा तिसरा लागतो आणि लष्कराला ती जागा घेता येते. मागणी सरकारकडेच असते तेव्हा मध्ये उभा राहणारा जवान आपोआप एका बाजूचा होतो. सैन्यालाही हे काम नको असतं. ज्या गावांतून भरती होते, तिथल्याच लोकांवर बंदूक रोखायची असते.

पोलीसच संपावर गेले तर काय, हेही मुंबईने पाहिलं आहे. ऑगस्ट 1982 मध्ये पोलिसांचं बंड झालं तेव्हा लष्कर आणावं लागलं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगलींतही लष्कर होतं, पण बराच काळ ध्वजसंचलनापुरतं, म्हणजे रस्त्यांवरून ताफा फिरवून दाखवण्यापुरतं, अशी टीका झाली. ध्वजसंचलनाचा धाक पहिल्या फेरीला असतो. ट्रक थांबत नाहीत, जवान उतरत नाहीत, हे गल्लीतल्या पोरांच्या लक्षात आलं की तो धाक गेला. लष्कर उशिरा बोलावणं आणि आल्यावर लहान लहान टोळ्यांत वाटून टाकणं, या दोन चुका पुन्हा पुन्हा होतात.

हे ओझं लष्करावरून काढण्यासाठी आरएएफ ऑक्टोबर 1992 मध्ये कामाला लागली. सुरुवातीला दहा बटालियन. 2018 पासून पंधरा. तिच्या प्रत्येक टीममध्ये दंगल नियंत्रण, अश्रुधूर आणि गोळीबार असे तीन घटक असतात. लष्कराच्या तुकडीकडे पहिली दोन साधनं सहसा नसतात, थेट रायफलच असते.

2024 च्या बदलाने नवी मुंबईत एक व्यावहारिक गाठ पडली आहे. जुन्या कलमात जागेवर हजर असलेला सर्वांत वरिष्ठ कार्यकारी दंडाधिकारी सशस्त्र दल वापरण्याचा हुकूम देऊ शके. आता जिल्हा दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारीच तो देऊ शकतो. नवी मुंबईचं पोलीस आयुक्तालय एक, जिल्हे मात्र दोन: ऐरोली-बेलापूर ठाण्यात, पनवेल-उरण रायगडात. म्हणून कोणत्या प्रांत-तहसीलदारांना हा अधिकार आहे, याचे आदेश ठाणे आणि अलिबाग अशा दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांतून आधीच निघालेले हवेत. नाहीतर जमाव खाडीपूल ओलांडून बेलापूरहून पनवेलच्या बाजूला गेला की सोबतच्या दंडाधिकाऱ्याची सही तिथे चालणार नाही.