मेंदूचा निरोप आणि वृषणातले संप्रेरक

मूल होत नाही म्हणून तपासणीला येणाऱ्या आपल्या कोकणातल्या जोडप्यांपैकी नवरा पुष्कळदा एकच मागणी करतो: हार्मोन कमी असेल, तर एक इंजेक्शन देऊन टाका. ‘हार्मोन’ या एका शब्दात दोन अगदी निराळे पदार्थ एकत्र मिसळलेले असतात, आणि त्यांची गल्लत शुक्राणूंच्या मुळावर येऊ शकते.

पहिला पदार्थ मेंदूतला. हायपोथॅलॅमसमधील चेतापेशी जीएनआरएच नावाचे न्यूरोपेप्टाइड, म्हणजे निरोप पोचवणारा छोटा प्रथिनासारखा रेणू, सोडतात. ती अवघ्या १० अमिनो आम्लांची साखळी असून तिची रचना १९७१ मध्ये उलगडली. त्या संशोधनाबद्दल शॅली आणि गिलेमिन या शास्त्रज्ञांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ते पेप्टाइड रक्तात काही मिनिटेच टिकते आणि रहाटाच्या गाडग्यांप्रमाणे थांबून थांबून, पुरुषांत साधारण दीड ते दोन तासांनी, येते. हा खंड महत्त्वाचा आहे, कारण तेच पेप्टाइड अखंड दिले तर पियुषिका ग्रंथी (मेंदूच्या तळाशी असलेली, हा निरोप घेणारी ग्रंथी) त्याला दाद देईनाशी होते. या चेतापेशींना चालना देणारे किसपेप्टिन हेही न्यूरोपेप्टाइडच. त्याच्या ग्राहीच्या, म्हणजे त्याचा निरोप पेशीवर टिपणाऱ्या प्रथिनाच्या, जनुकात दोष असेल तर वयात येणेच अडते, हे २००३ मध्ये दिसून आले.

दुसरा पदार्थ टेस्टोस्टेरॉन. तो पेप्टाइड नव्हे, कोलेस्टेरॉलपासून बनणारे स्टेरॉइड आहे. जीएनआरएचच्या निरोपावरून पियुषिका एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएचमुळे वृषणातल्या लेडिग पेशी टेस्टोस्टेरॉन तयार करतात, तर एफएसएच शुक्राणूंचे पोषण करणाऱ्या सर्टोली पेशींवर काम करते. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त लागते, आणि ते तिथल्या तिथेच बनावे लागते.

दंडात टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनने रक्तातली पातळी वाढते. पण ती पुरेशी आहे असे समजून मेंदू निरोप थांबवतो, एलएच आणि एफएसएच घसरतात, आणि वृषण आतून कोरडे पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० च्या चाचणीत दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम देऊन हाच परिणाम गर्भनिरोधासाठी वापरून पाहिला, तेव्हा निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू उरले नाहीत. व्यायामशाळेत दंड भरण्यासाठी ही इंजेक्शने घेणाऱ्या तरुण मुलांना हे कोणी सांगत नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

म्हणून नुसते टेस्टोस्टेरॉन मोजून भागत नाही. ते कमी आणि एलएच, एफएसएचही कमी, तर खोट बहुधा मेंदूकडच्या निरोपात असते, आणि तिथे उपचाराने शुक्राणू पुन्हा तयार होऊ शकतात. ते कमी पण एलएच, एफएसएच वाढलेले, तर खोट वृषणातच असते. बाहेरून इंजेक्शन घेतले असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावे. ते बंद केल्यावरही धीर लागतो: एक शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस आणि पुढे पक्व होऊन बाहेर येईपर्यंत आणखी काही दिवस, म्हणजे मोहोरापासून आंबा उतरेपर्यंत लागतो जवळपास तेवढा काळ जातो, आणि थांबलेला निरोप पूर्ववत व्हायला कित्येकांना सहा महिने ते वर्ष, क्वचित त्याहूनही अधिक लागते.