बाष्पनशील सेंद्रिय संयुगे (शहरी हवेतील)

नेहमीच्या तापमानाला सहज वायुरूप होणाऱ्या कार्बनयुक्त संयुगांचा हा मोठा गट असून बेंझीन, टोल्यूइन, झायलीन आणि फॉर्माल्डिहाइड ही शहरी हवेत हमखास आढळतात. वाहनांचा धूर, पेट्रोल भरताना टाकीतून निसटणारी वाफ, रंग आणि थिनर, जळता कचरा व खनिज तेलाच्या साठवणटाक्या ही त्यांची मुख्य उगमस्थाने होत.

यांतील बेंझीन मुळातच घातक आहे. दीर्घकाळच्या संपर्काने त्यापासून रक्ताचा कर्करोग होतो. गटातील इतर अनेक संयुगांचा उपद्रव मात्र हवेत मिसळल्यावर सुरू होतो. १९४०च्या दशकात लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारे धुरके पसरू लागले. अननसाच्या सुगंधाचा अभ्यास केलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी पुढे दाखवून दिले, की पेट्रोलची वाफ व अर्धवट जळालेली हायड्रोकार्बने नायट्रोजनच्या ऑक्साइडांसह सूर्यप्रकाशात आली की ओझोन तयार होतो. जमिनीलगतचा हा ओझोन फुप्फुसांना इजा करतो आणि पिकांनाही जाळतो. नायट्रोजनची ऑक्साइडे मुबलक असलेल्या शहराच्या मध्यभागी केवळ तीच घटवली, तर ओझोन काही वेळा उलट वाढतो. म्हणून तेथे या वाफांना आवर घालणे अटळ ठरते.

भारतात २००९च्या राष्ट्रीय मानकांनी बेंझीनची वार्षिक मर्यादा दर घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली, तर भारत स्टेज-६ या वाहनप्रदूषण-मानकाच्या पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने १ टक्क्याहून अधिक चालत नाही. परंतु एकूण बाष्पनशील संयुगांसाठी मोकळ्या हवेचे मानक नाही, आणि ही उणीव गंभीर आहे: बेंझीनपासून ओझोन तुलनेने कमी बनतो, टोल्यूइन व झायलीनपासून बराच अधिक, त्यामुळे बेंझीनचा एक आकडा मर्यादेत दिसला तरी ओझोनच्या धोक्याबद्दल तो फारसे सांगत नाही.

मुंबईत तेलशुद्धीकरण प्रकल्प व रसायनांच्या टाक्यांलगत असलेल्या माहुल-आंबापाडा भागातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्यास धोका असल्याचे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१५ मध्ये म्हटले. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर तेथील कुटुंबांना माहुलमध्येच घरे देण्यात आली. अखेर सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या कुटुंबांना अन्यत्र घर किंवा दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश दिला.